ड्रोन, बॅग आणि कस्टमचा काउंटर : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत परदेशप्रवासात ड्रोन नेण्या-आणण्याविषयी बरीच पत्रं आली. बहुतेकांत गोंधळ एकच आहे. ड्रोन विमानात नेण्याचे नियम, तो देशाच्या सीमेतून आत-बाहेर नेण्याचे नियम आणि तो उडवण्याचे नियम एकच आहेत, असं धरून चाललं जातं. प्रत्यक्षात पहिलं काम विमान कंपनीचं, दुसरं कस्टमचं आणि तिसरं त्या देशाच्या हवाई वाहतूक खात्याचं. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा बांधील होत नाही. आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : माझा मोठा भाऊ अमेरिकेहून दिवाळीला येतोय. माझ्या मुलासाठी २४९ ग्रॅमचा ड्रोन आणतो म्हणतो. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला भारतात परवानगी लागत नाही ना? ड्युटी साधारण किती पडेल? — एक वाचक, डोंबिवली

भाऊंना आजच फोन करा आणि ड्रोन घेऊ नका म्हणून सांगा. हा ड्युटीचा प्रश्नच नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना काढून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. अपवाद तीनच : संशोधन-विकास, संरक्षण आणि सुरक्षा. त्यांनाही आयातीची वेगळी परवानगी घ्यावी लागते. भेटवस्तू, हौस, लग्नाचं शूटिंग, शाळेचा प्रकल्प यांतलं काहीच या अपवादांत बसत नाही.

२५० ग्रॅमची रेषा आहे ती २०२१ च्या ड्रोन नियमांतली. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ धरला जातो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. ही सवलत फक्त उडवण्यापुरती. आयातबंदीत वजनाचा उल्लेखच नाही, त्यामुळे २४९ ग्रॅमचा ड्रोन आणि ९०० ग्रॅमचा ड्रोन कस्टमच्या टेबलावर सारखेच. बॅगेजमधली शुल्कमाफीची मर्यादाही इथे कामाची नाही. ज्या वस्तू आणायला मुळात मोकळीक आहे, त्यांच्यासाठी ती असते.

‘सुटे भाग करून आणा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तोही कुचकामी. पूर्ण बांधलेला, अर्धा सुटा आणि पूर्ण सुटा, असे तिन्ही प्रकार अधिसूचनेत नाव घेऊन बंद केले आहेत. एका बॅगेत बॉडी आणि दुसऱ्या बॅगेत ड्रोनचे हात घालून आणलं, तरी एक्स-रेवर बसणाऱ्याला ते जोडून बघायला वेळ लागत नाही. ड्रोनच्या घटक भागांच्या आयातीला मात्र बंदी नाही. इथे असलेल्या ड्रोनसाठी चार पंखे किंवा एक जादा बॅटरी आणली, तर गोष्ट वेगळी.

भाऊ निघाले असतील आणि ड्रोन बॅगेत असेल, तर काय करायचं तेही सांगतो. भारतीय कस्टमच्या घोषणापत्रात ड्रोनचा स्वतंत्र रकाना आहे. तिथे ‘हो’ लिहायचं आणि ग्रीन चॅनलमध्ये न शिरता रेड चॅनलकडे जायचं. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे खरी घोषणा केली असेल, तर कलम ८० खाली वस्तू तात्पुरती कस्टमच्या ताब्यात ठेवून परत जाताना मागता येते. मात्र ही मागणी प्रवाशाने स्वतः करायची असते, तीही तिथेच. अधिकारी पावती देतात. पावतीवर मॉडेल आणि सिरियल नंबर नीट लिहिलाय का, हे काउंटर सोडण्याआधी वाचून घ्यावं. परतीच्या दिवशी भाऊंना स्वतः घेता आला नाही, तर त्यांनी अधिकारपत्र दिलेल्या आणि भारताबाहेर जाणाऱ्या दुसऱ्या प्रवाशामार्फत तो देता येतो किंवा त्यांच्या नावे कार्गोने पाठवता येतो. ही सोय त्याच कलमात आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते.

न सांगता ग्रीन चॅनलमधून गेले आणि पकडले गेले, तर वस्तू जप्त होऊ शकते आणि वर दंड. ‘आमच्या ओळखीच्यांनी पैसे भरून सोडवला’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्हीही वाचलं असेल. जप्तीऐवजी दंड भरून वस्तू सोडवण्याची तरतूद कायद्यात आहे खरी. पण बंदी असलेल्या वस्तूच्या बाबतीत ती संधी द्यायची की नाही, हे अधिकाऱ्याच्या अखत्यारीत राहतं. तो तुमचा हक्क नाही. त्या भरवशावर ड्रोन आणू नये. मुलासाठी भारतात बनलेला नॅनो ड्रोन इथेच बिलासह घेतलेला बरा.

प्रश्न : माझा ड्रोन मी इथेच रीतसर बिलावर घेतला आहे. मे महिन्यात स्वित्झर्लंडला नेणार आहे. परत येताना तो ‘बाहेरून आणला’ असं ठरू नये म्हणून काय करावं? — एक वाचक, कोल्हापूर

जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजेच एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. दागिने, कॅमेरे, महागडी लेन्स यांच्यासाठी लोक घेतात तेच. वस्तू भारतातून बाहेर गेली होती, हे सिद्ध करणारा हा कागद. बिलावरून एवढंच कळतं की तुम्ही एक ड्रोन घेतला होता. हातात आहे तो तोच, हे सिरियल नंबर लिहिलेलं प्रमाणपत्र सांगतं.

घरून निघण्याआधी ड्रोनचा, रिमोटचा आणि प्रत्येक बॅटरीचा सिरियल नंबर एका कागदावर उतरवा. ड्रोनचा नंबर बॅटरीच्या कप्प्यात किंवा पोटाखालच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत असतो आणि अ‍ॅपमध्येही दिसतो. दोन्ही जुळतात का बघा. स्टिकर पुसट झालं असेल, तर अ‍ॅपच्या पानाचा फोटो छापून ठेवा. सोबत जीएसटी बिलाच्या दोन प्रती, पासपोर्टची झेरॉक्स, तिकीट आणि डीजीसीएकडे (नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी केली असेल तर त्या युनिक आयडेंटिफिकेशन नंबरचा कागद.

चूक होते ती पुढे. प्रमाणपत्रासाठी वस्तू अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावी लागते. लोक ड्रोन चेक-इन बॅगेत घालतात, बॅग पट्ट्यावरून निघून जाते आणि मग रिकाम्या हाताने कस्टमचं टेबल शोधतात. बॅग देण्याआधी कस्टमला दाखवायचा, हा क्रम पक्का ठेवा. काउंटर कुठे आहे ते विमानतळावर शिरल्याशिरल्या विचारा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. रात्री दोनच्या विमानाला टेबलावर कुणी नसेल, तर बोलावून घ्यायलाही वेळ जातो.

आणखी एक अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. परदेशात ड्रोन पडला, कंपनीच्या विमा योजनेत दिला आणि बदली ड्रोन मिळाला, तर त्याचा सिरियल नंबर वेगळा असतो. म्हणजे प्रमाणपत्र एका ड्रोनचं आणि हातात दुसराच. कस्टमच्या दृष्टीने ही नवी आयात. अशा वेळी दुरुस्ती भारतात परतल्यावरच करावी, भले मग उरलेल्या सहलीत आकाशातून फोटो मिळाले नाहीत तरी चालतील.

प्रश्न : मी एफपीव्ही, म्हणजे चष्म्यात कॅमेऱ्याचं दृश्य बघत उडवायचा ड्रोन, उडवतो. माझ्याकडे ६-एस १३०० एमएएचच्या सहा बॅटऱ्या आणि लांब उड्डाणासाठी ६-एस ५००० एमएएचच्या दोन आहेत. विमानात कोणत्या चालतील? — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

एमएएच विसरा, वॉट-अवर काढा. व्होल्टेज गुणिले एमएएच, भागिले हजार. ६-एस लायपोचं, म्हणजे सहा सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचं, सरासरी व्होल्टेज २२.२. म्हणजे १३०० एमएएचची एक बॅटरी २८.९ वॉट-अवरची आणि ५००० एमएएचची १११ वॉट-अवरची.

मर्यादा अशा : १०० वॉट-अवरपर्यंत विमान कंपनीच्या खास परवानगीची गरज नाही. १०० ते १६० मध्ये कंपनीची आगाऊ परवानगी हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वर प्रवासी सामानात नेताच येत नाही. तुमच्या सहा लहान बॅटऱ्या निर्धास्त न्या. दोन मोठ्यांसाठी आठवडाभर आधी कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर छापून सोबत ठेवा. फोनवर ‘चालेल’ म्हटलेलं काउंटरवर कुणी ऐकत नाही. काही कंपन्या लहान बॅटऱ्यांच्या संख्येवरही स्वतःची मर्यादा घालतात, तीही त्याच ई-मेलमध्ये विचारून घ्या.

सुटी बॅटरी कायम केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचारी काही करू शकतात, मालाच्या कप्प्यात ते शक्य नसतं. चेक-इनमध्ये सापडली, तर बॅग बाजूला काढून तुम्हाला बोलावतात आणि तेवढ्यात बोर्डिंग संपायला येतं.

एक्सटी-६० कनेक्टरवर, म्हणजे बॅटरीच्या मुख्य प्लगवर, टोपी बसवा किंवा इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅलन्स लीडची (चार्जरला जोडायच्या बारीक वायरची) पांढरी टोकंही उघडी ठेवू नका, शॉर्ट तिथूनही होतो. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. चार्ज सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साठवणुकीइतकाच. फुगलेली बॅटरी घरीच ठेवा. एफपीव्हीच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर वॉट-अवर छापलेले नसतात, नुसतं ‘१३०० एमएएच ६-एस’ असतं. सुरक्षा तपासणीतला माणूस वॉट-अवरचाच आकडा शोधतो. उत्पादकाच्या माहितीचं पान छापून सोबत न्या. पेनने बॅटरीवर लिहिलेला आकडा शक्यतो मानत नाहीत.

कॅमेरा ड्रोनवाल्यांना यातलं फारसं काही नडत नाही. डीजेआय मिनी ४ प्रोची नेहमीची बॅटरी १८.९६ वॉट-अवरची, तर मॅव्हिक ३ ची ७७. फक्त ड्रोन चेक-इनमध्ये देणार असाल, तर आतली बॅटरी काढून हातात घ्या. काही विमान कंपन्या ड्रोनची बॉडी केबिनमध्ये घेतच नाहीत, तिकीट काढण्याआधी तेवढं तपासा.

प्रश्न : ऑगस्टमध्ये केनियाला सफारी, परतताना चार दिवस इजिप्त. ड्रोन नेला तर अडवतील का? — एक वाचक, नाशिक

इजिप्तचं नाव निघालं तिथेच उत्तर संपलं : नेऊ नका. २०१७ चा तिथला कायदा संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय ड्रोन आणणं तर सोडाच, नुसता जवळ बाळगणंही गुन्हा मानतो. शिक्षेत कैदही आहे. पिरॅमिडजवळ उडवणार नाही, बॅगेतच ठेवेन, हा युक्तिवाद तिथे उपयोगाचा नाही.

केनियात २०२० च्या नियमांनंतर ड्रोनला वाट आहे, पण ती आगाऊ परवानगीची. कागद नसेल तर नैरोबीच्या विमानतळावर ड्रोन ठेवून घेतात आणि परतताना देतात. राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत तर हौसेखातर उडवायला परवानगी नाहीच. म्हणजे सफारीसाठी नेलेला ड्रोन सफारीतच चालणार नाही. कशाला न्यायचा?

मोरोक्कोचीही तीच गत : परवान्याविना ड्रोन आत जात नाही, कस्टम ठेवून घेतं. अशा देशांत ठेवलेला ड्रोन परत मिळवताना गोष्टी कुठे अडतात, ते माहीत असलेलं बरं. कासाब्लांकात उतरलात आणि मराकेशहून परतलात, तर ड्रोन कासाब्लांकातच राहतो. पावती एका टर्मिनलची आणि विमान दुसऱ्या टर्मिनलचं, हेही होतं. शिवाय आगमनाच्या बाजूला असलेल्या कस्टम गोदामात प्रस्थानाच्या प्रवाशाला सोडताना सुरक्षेचा माणूस सोबत लागतो. चेक-इनच्या निदान दोन तास आधी पावती आणि पासपोर्ट घेऊन उभं राहावं लागतं आणि ठेवणावळ मागितली तर स्थानिक चलनात रोख जवळ हवी.

प्रश्न : युरोपला जाताना दुबईत सहा तास थांबा आहे. ड्रोन बॅगेत असेल तर? — एक वाचक, ठाणे

एकाच तिकिटावर असाल आणि बॅग थेट शेवटच्या शहरापर्यंत टॅग झाली असेल, तर दुबईच्या कस्टमशी तुमचा संबंध येत नाही. दोन वेगळी तिकिटं असतील, तर बॅग घेऊन बाहेर यावं लागतं आणि तेव्हा तुम्ही ड्रोन घेऊन अमिरातीत शिरलेले असता. जानेवारी २०२२ मध्ये अबू धाबीवरच्या हल्ल्यानंतर तिथे खासगी ड्रोन उडवणं थांबवलं होतं. पुढे टप्प्याटप्प्याने सूट दिली, पण ती नोंदणी करू शकणाऱ्या तिथल्या रहिवाशांच्या सोयीची आहे. चार दिवस राहायला जाणाऱ्या पर्यटकाने ड्रोन घरीच ठेवावा.

प्रश्न : युरोप आणि जपानमध्ये कस्टम त्रास देतं का? — एक वाचक, पुणे

स्वतःच्या वापराचा, परत न्यायचा ड्रोन असेल तर दोन्हीकडे कस्टम सहसा विचारत नाही. वापरलेला ड्रोन वापरलेला दिसू द्या. सीलबंद खोक्यात, किमतीच्या लेबलसकट नेला तर विक्रीचा माल वाटतो.

खरी मेख उडवताना आहे. युरोपियन संघात कॅमेरा असलेला ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला, तरी चालकाची नोंदणी लागते. ज्या सदस्य देशात पहिलं उड्डाण करणार, तिथे ऑनलाइन नोंदणी करायची, मग तोच नंबर बाकीच्या देशांत चालतो. तो ड्रोनवर चिकटवायचा. स्वित्झर्लंड संघात नाही, पण १ जानेवारी २०२३ पासून तिथे हेच नियम आहेत, म्हणजे कोल्हापूरच्या वाचकांनाही हे लागू. उंची १२० मीटरपर्यंत. २५० ग्रॅमपासून पुढे ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते. जर्मनीत विमा सगळ्यांनाच सक्तीचा. मिनीला मोठी ‘प्लस’ बॅटरी लावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं : तिने वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं आणि २५० च्या आतली सवलत हातची जाते.

ब्रिटनचा हिशेब निराळा. १ जानेवारी २०२६ पासून तिथे १०० ग्रॅमपासूनच्या ड्रोनसाठी चालकाला फ्लायर आयडी (उडवणाऱ्याचा ओळखक्रमांक) हवा आणि ड्रोनमध्ये कॅमेरा असेल तर ऑपरेटर आयडीही (ड्रोनची जबाबदारी असलेल्याचा). जपानमध्ये २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि वरच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी आणि रिमोट आयडी, म्हणजे उडताना ड्रोनची ओळख प्रसारित करणारी यंत्रणा, सक्तीची. ड्रोनमध्ये ती अंगभूत नसेल, तर वेगळं मॉड्यूल लावावं लागतं. परदेशी माणसाची ओळखपडताळणी वेळ खाते, तेव्हा महिनाभर आधी अर्ज करा. दाट वस्तीवर उडवायला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे टोकियोत हौसेची उड्डाणं जवळपास बादच.

आशियात नियम किती झपाट्याने फिरतात, याचं उदाहरण थायलंडचं. कंबोडियाबरोबरच्या संघर्षात ३० जुलै २०२५ पासून तिथे देशभर ड्रोन बंद केले गेले. ज्यांनी महिन्यापूर्वी नोंदणी करून ठेवली होती, त्यांचीही उड्डाणं थांबली. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या देशाच्या हवाई वाहतूक खात्याचं संकेतस्थळ उघडून बघाच.

प्रश्न : आमचं युनिट मराठी चित्रपटाच्या गाण्यासाठी परदेशी जातंय. कॅमेऱ्यांबरोबर मोठा ड्रोनही आहे. कार्नेट काढावं का? — एक निर्मिती व्यवस्थापक, मुंबई

काढा. एटीए कार्नेट म्हणजे तात्पुरत्या नेण्या-आणण्यासाठी मालाचा पासपोर्ट. भारतात ते फिक्की देते, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. त्यासाठी हमी ठेवावी लागते. यादीत प्रत्येक वस्तू सिरियल नंबर, वजन, किंमत आणि मूळ देशासह लिहायची. ‘ड्रोन किट, १ नग’ असं लिहू नका. ड्रोन, रिमोट, कॅमेरा, चार्जर आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या ओळीत. टेप, दिव्यांवर लावायचे रंगीत जेल यांसारखा खर्ची पडणारा माल यादीत घालायचा नाही, कारण यादीतलं सगळं परत यावं लागतं.

पानांचे रंग ओळखा : निर्यात आणि पुनर्आयातीची पिवळी, परदेशातल्या प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची पांढरी, मधल्या देशातून नुसतं जाताना निळी. युनिटं फसतात ती परदेशातून निघताना. विमान सुटायची घाई, सगळे दमलेले आणि पांढऱ्या पानावर बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा राहतो. मग त्या देशाच्या लेखी माल तिथेच राहिला आणि काही महिन्यांनी शुल्काची मागणी तुमच्या हमीवर येते. शिक्का घेणं हे एकाच माणसाचं काम ठरवून द्या आणि त्याला त्या दिवशी दुसरं काही सांगू नका.

कार्नेटमुळे ड्रोन सीमेपार जातो, पण उडवायची परवानगी त्यात येत नाही. ती तिथल्या हवाई खात्याची. काही ठिकाणी चित्रीकरणाची परवानगीही वेगळी काढावी लागते. मोठ्या ड्रोनच्या बॅटऱ्या १६० वॉट-अवरच्या वर असतील, तर त्या धोकादायक माल म्हणून कार्गोने आधी रवाना कराव्या लागतात. त्याचं पॅकिंग आणि कागद मान्यताप्राप्त एजंटकडूनच करून घ्या. पुष्कळदा ड्रोन चालकासकट तिथेच भाड्याने घेणं स्वस्त पडतं, हिशेब मांडून बघा.

प्रश्न : लंडनमधले पाहुणे गोव्यातल्या लग्नासाठी स्वतःचा ड्रोन आणतो म्हणतात. — एक वाचक, फोंडा

वर डोंबिवलीच्या वाचकांना दिलेलं उत्तर यांनाही तसंच्या तसं. शिवाय गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी उड्डाण २०० फुटांपर्यंतच आणि त्याच्या आत परवानगीशिवाय नाहीच. डीजीसीएच्या नकाशावर लग्नाचं ठिकाण टाकून बघा आणि स्थानिक प्रमाणपत्रधारक पायलट ठरवा. बुकिंग करताना त्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक मागा. टाळाटाळ केली, तर दुसरा बघा.